पोपटी साडीतली पाठ

अंबूबाईंनी नाटक कंपनीचा कपडेपट बत्तीस वर्षं सांभाळला, पण रंगमंचावरच्या उजेडात त्यांचं पाऊल एकदाही पडलं नाही. राजा मेला, राणी रडली, पाप्याचं पितळ उघडं पडलं, सगळं त्यांनी पाहिलं ते विंगेतून, हातावर पुढच्या प्रवेशाचा शालू धरून. दातांत टाचण्या, समोर मिट्ट काळोख, आणि गाण्याचं एक कडवं संपेपर्यंत नायिकेचं एक लुगडं उतरवून दुसरं नेसवायचं. बोटांना सगळं ठाऊक होतं. एकदा मिरजेच्या मुक्कामी दासीचं काम करणारी पोर तापानं फणफणली आणि मालक म्हणाले, "अंबू, तबक घेऊन आत जा फक्त. 'बाईसाहेब, पाहुणे आले' एवढंच म्हणायचं." अंबूबाई तबक घेऊन विंगेच्या कडेपर्यंत गेल्या. एका पावलावर उजेड होता. पाय तिथंच थिजले. नायिका जुनी मुरलेली, पाहुणे आल्याचं तिनं आपणच ओळखलं आणि प्रवेश सावरला. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. अंबूबाई मात्र ते तबक विसरल्या नाहीत.

कंपनी मोडली तेव्हा त्यांच्या वाट्याला आली एक लोखंडी पेटी. सुया, हुक, जरीचे तुकडे, काजळाच्या डब्या, मिशा. ती घेऊन त्या मंगळवार पेठेतल्या आपल्या खोलीत परतल्या आणि गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवू लागल्या. आता वय बहात्तर. दोरा ओवायला चष्मा लागतो, पण कापड वाचायला लागत नाही. कापड वाचायचं म्हणजे काय, तर काखेतला घाम, गुडघ्यावरची झीज, पदराची चावलेली कड. माणूस तोंडानं काहीही सांगो, त्याचं कापड खरं बोलतं, असं त्यांचं मत.

एकोणीसच्या महापुरात त्यांच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. अकरा दिवस शाळेत काढले. मग ट्रक भरभरून जुनी कापडं आली. माणसं भली होती, मनापासून पाठवत होती, पण अंबूबाईंच्या हातात पडला तो कुणा पोरीचा टिकल्या लावलेला, एका बाहीचा फ्रॉक. वाटणारा म्हणाला, "घ्या की आज्जी, लाजू नका." त्या लाजल्या नव्हत्या. हयातभर राण्यांना नेसवलेल्या बाईनं हात पसरून रांगेत उभं राहायचं, हे त्यांना सोसलं नव्हतं.

त्यातून निघाली ती अदलाबदल. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी, गल्लीतल्या तालमीच्या हॉलमध्ये, फक्त बायकांसाठी. नियम तीन. कापड धुऊन, इस्त्री करून आणायचं. एक द्यायचं, एक घ्यायचं, मोकळ्या हातानं कुणी जायचं नाही. आणि घेतलेलं कापड पिशवीत घालून न्यायचं नाही, आडोशाला जाऊन तिथंच अंगावर चढवायचं आणि मिरवत घरी जायचं. पिशवीतून नेलं की ते दिलेलं वाटतं, अंगावर चढलं की आपलं होतं.

पहिल्यांदा बायका बुजल्या. पण शेजारची बायडाबाई, जिचा आवाज रंकाळ्याच्या पल्याड जातो, ती कुणा मास्तरणीची कलकत्ता साडी नेसून बाहेर पडली आणि पानपट्टीवाल्याला म्हणाली, "काय बघतोस रं? शाळंत घालू का तुला?" मग काय, दर महिन्याला हॉल भरू लागला. उरलेली कापडं गल्लीतल्या गुंडूच्या टेम्पोतून बिद्री गावाला जायची. तिथं कंपनीच्या जुन्या नायिका प्रमोदिनीबाई राहत, त्याच त्या, ज्यांनी मिरजेचा प्रवेश सावरला होता. त्यांच्या अंगणात बायका जमून उरलेल्या कापडांच्या गोधड्या शिवत. त्यातून एखादं धड कापड निघालं, तर ते पुढच्या महिन्यात टेम्पोतून परत यायचं.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना स्वप्नाली पहिल्यांदा आली. पंचविशीतली, उंच, खांदे पुढं ओढलेले. उचगावची. दारापर्यंत नवरा सोडायला आलेला. विश्वजित नाव, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, माणूस देखणा आणि बोलायला साखर.

"मावशी, आमच्या बायकोला सांभाळा. जरा भित्री हाय. आत फक्त बायकाच असतात न्हवं?"

"बायकाच की. तुम्ही जावा बिनघोर, पावणं."

तो गेला नाही. समोरच्या कट्ट्याला बुलेट लावली आणि तिच्यावर बसून राहिला.

स्वप्नालीनं एक निळं झंपर पुढं केलं. अंबूबाईंनी ते सवयीनं उलटं केलं आणि त्यांची बोटं थांबली. गळ्याजवळचं बटण नव्हतं. बटणं तुटतातच, पण तेव्हा दोरा तुटतो. इथं बटणासकट कापडाचा तुकडा आला होता. पाठीमागं खांद्याची शिवण उसवून पुन्हा घातलेली, एकदा नव्हे, तीनदा, तीन रंगांच्या दोऱ्यांनी. कुणीतरी मागून धरून ओढल्याशिवाय शिवण अशी जात नाही.

दुसऱ्याच्या कापडातलं वाचलेलं चारचौघांत म्हणायचं नसतं, ही कपडेपटाची रीत. पण नियम तो नियम. त्यांनी एक जांभळी साडी पोरीच्या हातात ठेवली. "आत जाऊन नेस. नेसूनच जायचं."

"नको आज्जी. ह्यांना न विचारता..."

"अगं, नियमच हाय आमचा. आणि नवऱ्याला का बायको चांगली दिसलेली नको असती?"

बायका हसल्या. बायडाबाई म्हणाली, "जा गं, जांभळ्यात तर मीपण नवरी दिसतो!" पोरगी आडोशाला गेली, नेसली, बाहेर आली. विश्वजितनं तिला दारात पाहिलं. क्षणभर त्यानं तिला ओळखलंच नाही, तिच्या खांद्यावरून मागं बघत राहिला. मग ओळखलं. हसला. "वा, छान दिसतीयास," म्हणाला आणि किक मारली.

पुढच्या महिन्यात ऐन उकाड्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घालून आली. अंगावर पोपटी साडी, लांबूनही डोळ्यांत भरेल अशी. आता ह्याच साडीत आत जायचं आणि ह्याच साडीत बाहेर यायचं, असा हुकूम होता. आडोशाला अंबूबाईंनी तिची बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत जांभळं.

गेल्या महिन्यातल्या साडीच्या रंगाचंच.

आपल्या नियमानं हे झालं, एवढंच अंबूबाईंना कळत होतं. लोकांना हात पसरायला लागू नये म्हणून केलेला नियम आणि तो ह्या पोरीच्या अंगावर असा उमटला. त्या खाली बसल्या. पोरगीच त्यांना म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाई आज्जी. साडी नसती तर भाजीतलं मीठ असतं."

"माहेर?"

"आई न्हाई. भाऊ ह्यांच्याच दुकानात कामाला हाय." मग खालच्या आवाजात म्हणाली, "पुढच्या महिन्यात येतो, ते शेवटचं. कोडोलीच्या बाजूला ह्यांचं रानात घर हाय, तिथं न्यायचं ठरलंय. आजूबाजूला कोण न्हाई. म्हणत्यात, तिथं किती बी वरडलीस तरी ऊसच ऐकंल."

बाहेर बुलेटचा भोंगा वाजला. एकदाच, हळू, आठवण दिल्यासारखा.

त्या महिन्यात अंबूबाईंना झोप नव्हती. अदलाबदलीत एक वकीलबाई यायच्या, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी पोरगी सुखरूप बाहेर पडू दे. मग पुढचं मी बघते. पण पुरावा लागेल, अंबूबाई. तो म्हणेल, बायको घसरून पडली." बाहेर कसं पडायचं हा खरा प्रश्न होता. हॉलला दार एकच. समोर तो. फोन तो तपासणार. आणि पोपटी साडी लांबून दिसणार.

दिसणार. ह्या शब्दापाशी अंबूबाई अडल्या. जांभळ्या साडीत त्यानं तिला क्षणभर ओळखलं नव्हतं. हा माणूस बायकोचं तोंड बघत नाही. साडी बघतो.

तो रविवार आला. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. विश्वजितनं ह्या खेपेला बुलेट कट्ट्याला नाही लावली. दाराच्या अगदी समोर, दहा पावलांवर उभी केली.

"मावशी, आज लवकर सोडा. सामान बांधायचंय," तो म्हणाला. "रानातल्या घरात जातोय. हवा चांगली हाय तिथं."

"व्हय व्हय. आत्ता पाठवतो," अंबूबाई म्हणाल्या.

आडोशाला त्यांनी लोखंडी पेटी उघडली. चौकटीचा शर्ट, मळकी पँट, डोक्याला गुंडाळायचा पंचा. एके काळी त्यांनी दाढी करून आलेल्या पुरुषांच्या नायिका केल्या होत्या. आज उलटं. छाती कापडानं आवळली, खांद्यांवर चिंध्यांच्या गाद्या घातल्या, गालावर काजळ पुसट चोळलं. बायडाबाईनं पेटीतली मिशी पुढं केली.

"ही लाव की, अंबूआक्का."

"नको. मिशीकडं माणूस बघतंय. आपल्याला कुणी बघायला नको हाय."

मग त्यांची नजर पायांकडं गेली. जोडवी. ती काढली, पण बोटांवर त्यांचे पांढरे वळ राहिले, चार वर्षांचे. अंबूबाईंनी दारामागच्या कुंडीतली ओली माती घेतली आणि पोरीचे पाय घोट्यापर्यंत माखले. वर गुंडूच्या फाटक्या वहाणा.

"पाय फाकवून टाक. घाई करू नको. हमालाला कधी घाई नसती. गाठोडं डोक्यावर घे, कोपर तोंडाम्होरं येऊ दे. टेम्पोत चढलीस की पालथी पड."

"आणि ते बघत असतील तर?"

"ते दुसरीकडं बघत असणार."

असं म्हणून अंबूबाईंनी खाली पडलेली पोपटी साडी उचलली आणि स्वतः नेसू लागल्या. बायडाबाईचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते उघडं राहूनही त्यातून आवाज आला नाही.

"आक्का, तो मारील तुम्हाला."

"मारायला तोंड बघंल, तवा ती मी हाय हे कळंल त्याला. तवर टेम्पो कोपऱ्यावर गेलेला असंल." मग पोरीकडं वळल्या. "कुठं हाईस, कशी हाईस, काय कळवू नको. फोन तर नकोच. सुखरूप पोचलीस की हा शर्ट धुऊन परत धाड. घडी अशी घाल." बाह्या आत, कॉलर वर, मधोमध एक दुमड. कपडेपटातली घडी. जगात ती आजवर एकट्या अंबूबाईंना येत होती, आता दोघींना. "ही घडी दिसली की मी समजंन."

पदर डोक्यावरून ओढून अंबूबाई दाराच्या कडेला आल्या. एका पावलावर उजेड होता.

पाय थिजले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी थिजले होते तसेच. बाहेर गुंडू टेम्पोचं फळकूट पाडून उभा. मागं गाठोड्याखाली ती पोरगी, तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता. ह्या खेपेला प्रवेश सावरायला समोर कुणी नव्हतं.

त्यांनी पाऊल टाकलं.

खांदे पुढं, मान खाली, डाव्या हातात पदराची कड. पोरीची चाल त्यांनी तीन रविवार पाहिली होती, ती त्यांनी अंगावर घेतली. बुलेटकडं न वळता त्या उजवीकडं, गल्लीच्या आतल्या अंगाला चालू लागल्या.

"ए," मागून आवाज आला. साखर तशीच होती. "कुठं?"

त्या चालत राहिल्या. बुलेटचा स्टँड आपटल्याचा आवाज झाला. मग बुटांचा. सावकाश, मग भरभर. मागं गुंडूचा आवाज आला, "उचला रं, टाका आत," आणि धप, धप, गाठोडी पडल्याचे आवाज. अंबूबाई मोजत होत्या. त्यांना एका कडव्याएवढा वेळ हवा होता.

दंडावर हात पडला. चार बोटं मांसात रुतली, झंपराची खांद्याची शिवण कर्रकन उसवली, आणि कानाजवळ तोच हळू आवाज आला, "घरी चल, मग दाखवतो."

त्या वळल्या नाहीत. टेम्पो सुरू झाला, पाठीमागून निघाला, कोपऱ्यावर भोंगा वाजला. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि पदर मागं टाकला.

"काय दाखवतोस, पावणं?"

त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काहीच आलं नाही, हे जास्त भयंकर होतं. तो त्यांच्याकडं बघत राहिला आणि हात सोडायचं विसरला, का विसरला नाही, कोण जाणे. बायडाबाई दारातून गरजली, "ए मुडद्या! म्हातारीच्या अंगाला हात लावतोस? गल्ली गोळा करू का?" गल्ली गोळा झालीच. मग त्यानं हात सोडला, साडीची चुणी नीट केल्यासारखी केली आणि हसला.

"चूक झाली मावशी. साडी आमच्या घरची वाटली."

"तुमच्याच घरची हाय. अदलाबदलीत आली. नियमच हाय की आमचा."

त्यानं हॉल पाहिला, आडोसा पाहिला, पेटीसुद्धा उघडून पाहिली. वर मिशी होती. ती त्यानं दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली आणि परत ठेवली.

त्यानंतरचा महिना फार लांब होता. अंबूबाईंच्या दंडावर चार निळी बोटं उमटली, पिवळी पडली, गेली. विश्वजित रोज संध्याकाळी येऊन तालमीच्या कट्ट्यावर बसायचा. ओरडला नाही, शिवी दिली नाही. पोरांना चहा पाजायचा. "बायको रुसून गेलीय," एवढंच सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला त्याचीच दया यायची. गुंडूचा टेम्पो त्यानं रस्त्यात दोनदा अडवला, गाठोडी सोडून बघितली. बिद्रीच्या अंगणातही जाऊन आला, प्रमोदिनीबाईंच्या हातचं पाणी प्याला. पोरगी तोवर तिथं नव्हती. वकीलबाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी पुढं हलवलं होतं, कुठं ते अंबूबाईंनी विचारलं नव्हतं. पण ती पोचली का? वाटेत कुणी गाठलं का? भावानं फितुरी केली का? शर्ट काही येत नव्हता. रोज सकाळी दार उघडताना त्यांना वाटायचं, आज दारात पोलीस असेल आणि ओळख पटवायला म्हणून एक कापड पुढं करील.

पुन्हा दुसरा रविवार आला. गुंडूनं बिद्रीहून परत आलेलं गाठोडं हॉलमध्ये टाकलं. अंबूबाई एकेक कापड काढून मांडू लागल्या. चादर. परकर. लहान पोराची चड्डी. आणि मग चौकटीचा शर्ट. बाह्या आत, कॉलर वर, मधोमध दुमड. वरचं बटण सैल होतं, ते कुणीतरी पोपटी दोऱ्यानं घट्ट लावलं होतं.

अंबूबाईंनी टेबलाची कड धरली. डोळे पुसायला पदर उचलला आणि हॉलमधला गलका एकदम थांबला.

दारात विश्वजित उभा होता. खांद्यावर पोतं.

"बायकांसाठी हाय, ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "पण मी द्यायला आलोय. तिची कापडं. आता घरात ठेवून काय करायची?" त्यानं पोतं टेबलावर पालथं केलं. साड्या, परकर, झंपरांचा ढीग. "सगळी घ्या. बदल्यात एकच मागतो, मावशी. ती कुठं हाय?"

त्याचा हात टेबलावर होता, शर्टापासून वीतभर.

"ते काय आमच्याकडं न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. आपला आवाज विंगेतला नाही, पुढच्या उजेडातला आहे, हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. "आमच्याकडं कापडं हाईत. एक द्यायचं, एक घ्यायचं. मांडलंय त्यातलं घ्या आणि चालू लागा."

तो हसला. खाली पाहिलं. बोटं कापडांवरून फिरली, चादरीवरून, परकरावरून, आणि शर्टावर थांबली. त्यानं तो उचलला. घडी मोडली. नाकाशी नेला.

"वास ओळखीचा वाटतोय," तो म्हणाला.

बायडाबाईनं हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"साबणाचा असंल," अंबूबाई म्हणाल्या. "घालूनच जायचं हां, पावणं. नियम हाय."

त्यानं अंगातल्या सदऱ्यावरूनच तो चढवला. खांद्यात घट्ट झाला. वरचं बटण लावलं, त्यावर बोट फिरवलं, दोऱ्याचा रंग पाहिला नाही. "पुढच्या महिन्यात येतो," म्हणाला. त्याची चौकटीची पाठ दारातून बाहेर गेली.

अंबूबाईंनी लगेच झंपरांचा ढीग जवळ ओढला. एकेक उलटं केलं. बटणासकट गेलेलं कापड. तीन रंगांचे दोरे. मागच्या गळ्यावर एक वाळलेला तपकिरी डाग, धुण्यानं न गेलेला. चार वर्षांचं सगळं लिहिलेलं होतं, आणि लिहिणाऱ्यानंच आणून दिलं होतं. त्यांनी सात झंपरं वेगळी काढली, स्वच्छ पंच्यात बांधली, आणि बायडाबाईच्या हातात दिली.

"वकीलबाईंकडं. मधी कुठं थांबू नको. कुणाशी बोलू नको."

"मी? आणि बोलू नको?"

"एवढ्या खेपेला."

बायडाबाई गाठोडं पदराखाली घेऊन दाराकडं निघाली आणि थबकली. बाहेर बुलेट अजून सुरू झाली नव्हती.

अंबूबाईंनी शिलाईचा डबा उचलला, पोपटी साडीवरचं खांद्यात उसवलेलं आपलं झंपर त्यावर टाकलं आणि तिला बाजूला सारून आपण पुढं झाल्या. "चल. तो माझ्याकडं बघत असताना तू डावीकडं वळ." त्या उंबऱ्यावर गेल्या, उन्हात बसकण मांडली, आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सुईत दोरा ओवू लागल्या.